मातीला दिलेली तीन वर्षे

अब्बा गेल्यानंतर सात वर्षे आमची अडीच एकर जमीन खंडाने दिलेली होती. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो आणि भाईजान भोसरीला कारखान्यात आहेत. जमिनीकडे बघायला घरात कोणी नव्हते. मंचरच्या बाजाराला माल घालणाऱ्या आमच्या भागात बटाटा हे नेहमीचे पीक. खंडकऱ्यानेही वर्षामागून वर्षे बटाटाच घेतला, गोणीतले खत टाकले, पीक काढले आणि ठरलेले पैसे वेळेवर आणून दिले. त्याची काही चूक नव्हती. जी जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नाही, तिच्यात कोण शेणखत घालणार?

2021 च्या उन्हाळ्यात खंडाची मुदत संपली आणि आम्ही शेतावर गेलो. माती सिमेंटसारखी झाली होती. वर पांढरट पापुद्रा, खाली ढेकळे. कुदळ मारली की ठणका हाताला बसायचा. अम्मी बांधावर बसून बघत होत्या. अब्बांचे एक बोलणे त्यांना आठवले, "मिट्टी को बी भूक लगती, बेटा."

त्याच आठवड्यात भाईजानने जमीन विकण्याचा विषय काढला. त्यांच्या मुलीला फार्मसीला जायचे होते आणि बंगल्यासाठी जागा बघणारे लोक आमच्या रस्त्यापर्यंत पोहोचले होते. त्यांची गरज खरी होती. तीन दिवस घरात नीट जेवण झाले नाही. शेवटी अम्मींनी निवाडा केला, "तीन साल. तीन सालमें मिट्टी सुधरी तो रखो, नहीं तो बेचो." ती मुदत आम्ही घेतली. आज तिचा हिशेब वाचकांसमोर ठेवत आहोत. अंगणातल्या कुंडीत चार बटाटे लावणाऱ्या भगिनींनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

पहिले वर्ष : घाईचे खत

तीन वर्षे कमी वाटत होती, म्हणून आम्ही घाई केली. आपण शिकलेले, विज्ञानाची पुस्तके वाचलेले. गोणीचे खत बंद करायचे आणि सगळे सेंद्रिय करायचे असे ठरवून टाकले. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावातून चार ट्रॉल्या शेणखत विकत आणले. ते ओले होते, त्यात वैरणीच्या काड्या जशाच्या तशा दिसत होत्या आणि ढिगात हात घातला तर गरम लागत होते. विकणाऱ्याने ते शेणखत म्हणून दिले आणि आम्हीही तसेच घेतले. खरे तर ते नुसते शेण होते. एका एकरात ते पसरले आणि पंधरा दिवसांत बटाटा लावला.

महिनाभरात पाने फिकट पडली. न कुजलेला काडीकचरा मातीत गेला की त्याला कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पिकाला उपाशी ठेवतात, हे आम्ही नंतर शिकलो. शेणातून गवताचे बी आले, खुरपणीचा खर्च दुप्पट झाला. शेणाबरोबर हुमणीही आली. काढणीला 42 क्विंटल माल निघाला. त्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला हुमणीची भोके होती किंवा सालीवर खरखरीत खपल्या होत्या. बाजारात आडत्याने एक बटाटा हातात फिरवला आणि न बोलता पोते बाजूला सरकवले.

त्या रात्री अम्मींनी उश्र काढायला सांगितला. इमाम अबू हनीफा यांच्या मतानुसार भाजीपाल्यावरही उश्र आहे. पावसाच्या पिकाचा दहावा भाग, विहिरीचे पाणी विकत किंवा कष्टाने दिलेल्या पिकाचा विसावा. आमचे पीक विहिरीवरचे, म्हणजे सुमारे दोन क्विंटल. आम्ही खपलीचे बटाटे वेगळे ठेवत होतो. साल काढली की खायला ते चांगलेच असतात. अम्मींनी ती पोती बाजूला केली आणि निवडक मालातून उश्र मोजायला लावला. "जो तुम बाजारमें शरमाते, वो गरीब को कैसे देते?" नुकसानीच्या वर्षी चांगल्यातले चांगले दोन क्विंटल द्यायला मन तयार होत नव्हते, हे कबूल करतो. पण त्या दिवसापासून आमची घाई उतरली.

जुने लोक काय सांगून गेले

खत मुरू द्यावे ही गोष्ट आमच्यासाठी नवी होती, जगासाठी नाही. बाराव्या शतकात सेव्हिल शहरातील इब्न अल-अव्वाम यांनी ‘किताब अल-फिलाहा’ हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मातीच्या प्रकारांइतकेच महत्त्व खतांना दिले आहे. बटाटा मात्र त्यांनी पाहिलाही नव्हता. तो दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्याकडे आला, म्हणून मराठीच्या तासाला आम्ही ‘बटाटा’ शिकवतो आणि उर्दूच्या तासाला ‘आलू’.

विसाव्या शतकात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूरला राहून, आपल्याच शेतकऱ्यांच्या उकिरड्याचा अभ्यास करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पुढे आपल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत करण्याचे विटांचे टाके तयार केले. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात. आमच्यासारख्या दोन शेळ्या असलेल्या घराला नाडेप हाच मार्ग होता.

बटाटा काय नेतो, खत काय देते

दुसऱ्या वर्षी आम्ही आधी मातीची तपासणी केली. एकरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. असे करत अर्धा किलो उरली की ती पिशवीत भरून द्यायची. झाडाखालची, उकिरड्याजवळची किंवा बांधालगतची माती घ्यायची नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद येते. आमचा सामू 7.9 आणि सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर जमीन गरीब समजतात.

सामूच्या त्या आकड्याने एक चूक टळली. चुलीच्या राखेत पालाश असते आणि बटाट्याला पालाश लागते, म्हणून अम्मींनी वर्षभर राख साठवली होती. पण राखेने सामू आणखी वाढतो, आणि अशा जमिनीत सालीवरची खपली वाढते. राख बांधावरच्या आंब्याला गेली. आपल्या जमिनीचा सामू सहाच्या आसपास असेल तर थोडी राख चालेल. साडेसातच्या वर असेल तर नको.

मग वर्गात फळ्यावर मांडतो तसे गणित मांडले. दहा टन बटाटे शेतातून बाहेर गेले की त्यांच्याबरोबर अंदाजे 30 किलो नत्र आणि 50 किलो पालाश जाते. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात पाच किलो. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत 20 किलोहून थोडे जास्त नत्र असते. म्हणजे एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत हवे. आणि त्या खतातला नत्राचा साधारण तिसरा हिस्साच पहिल्या वर्षी पिकाला मिळतो, बाकीचे पुढच्या वर्षांसाठी मातीत राहते.

हे गणित कळल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, थकलेल्या जमिनीत गोणी एकदम बंद केली तर पीक उपाशी राहणारच. दोन, शेणखताचे खरे काम नत्र देण्याचे नाहीच. ते मातीची घडण बदलते. पाणी धरते, हवा खेळवते, गांडुळांना आणि जिवाणूंना घर देते. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही गोणीचे खत निम्मे केले, तिसऱ्या वर्षी पाव. आम्ही पूर्ण सेंद्रिय शेतकरी आहोत असे सांगणार नाही.

टाके, मेंढ्या आणि ताग

नाडेपचे टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या भिंतीत मध्ये मध्ये भोके ठेवायची, म्हणजे हवा खेळते. भरण्याची रीत सोपी आहे. सहा इंच काडीकचरा, त्यावर चार-पाच किलो शेण सव्वाशे लिटर पाण्यात कालवून शिंपडायचे, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली माती. असे थर टाक्याच्या वर दीड फूट जाईपर्यंत रचून शेणमातीने लिंपायचे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, मग पुन्हा भरून लिंपायचे. भेगा पडू द्यायच्या नाहीत, ओल ठेवायची. सगळ्या टाक्याला 90 ते 100 किलो शेण पुरते आणि तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत मिळते.

आमचे टाके 2022 च्या बकरी ईदला भरले गेले. कुर्बानीनंतर बोकडांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा मोहल्ल्यात दरवर्षी नाल्याकडे जायचा आणि आठवडाभर वास यायचा. त्या वर्षी शाळेतल्या मुलांनी घराघरांतून तो बादल्यांत आणला. शेणाच्या जोडीला आम्ही तोच वापरला. कुजवणारे जिवाणू त्यात आधीच भरपूर असतात. चरबी, कातडे किंवा हाडे मात्र टाक्यात घालायची नाहीत आणि प्रत्येक थरावर माती जाड पसरायची, म्हणजे कुत्री, माश्या, वास काही येत नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाला नाकाला पदर लावून बघायला आल्या आणि पदर सोडून परत गेल्या.

नोव्हेंबरात टाके उघडले. खत मुरले हे ओळखायच्या खुणा सांगतो. रंग काळसर तपकिरी, हातात गरम लागत नाही, काडी ओळखू येत नाही, मुठीत दाबून सोडले की भुगा होतो, आणि पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. यातली एकही खूण नसेल तर आणखी महिनाभर थांबा.

2023 च्या उन्हाळ्यात धनगरांचा वाडा गावाजवळ उतरला, तेव्हा पाच रात्री शेतात मेंढ्या बसवल्या. अब्बा हे करायचे. मध्ये सगळे विसरले होते. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडते, वाहतूक लागत नाही. लेंडीखत शेणखतापेक्षा जोरकस असते. पावसापर्यंत ते मातीत मिसळून गेले.

जूनमध्ये त्याच एकरात ताग पेरला, पंचवीस किलो बी. खरिपाचे उत्पन्न सोडावे लागले. हे सोपे नव्हते, कारण त्या जुलैतच भाईजानच्या मुलीची फी भरायची होती. आम्ही दोघांनी पगारातून निम्मी उचलली, बाकीचे भाईजानने कर्ज काढले. ताग कमरेपर्यंत आला, कळ्या धरल्या, तेव्हा 45 व्या दिवशी नांगरून गाडला. फुलून जून झाला की त्याचे खोड लवकर कुजत नाही.

लागवड ते काढणी

गाडल्यानंतर अडीच-तीन महिने मिळाले आणि ऑक्टोबरच्या शेवटी लागवड केली. बेणे खात्रीचे घ्या. आपल्या पठारी हवामानासाठी ‘कुफरी लवकर’ नावाची जात आहे. नावातला ‘कुफरी’ शिमल्याजवळचा आणि ‘लवकर’ आपला मराठी. एकराला सहा ते आठ क्विंटल बेणे लागते. मोठा बटाटा कापायचा तर 30 ते 40 ग्रॅमची फोड, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे, आणि कापल्यावर सावलीत सुकवून मगच लावायची. ओली फोड जमिनीत कुजते. मुरलेल्या खतात ट्रायकोडर्मा मिसळून ते सरीत टाकले.

महिन्याने भर लावली, म्हणजे वरंब्यावर माती चढवली. बटाटा उघडा पडला की उन्हाने हिरवा होतो आणि हिरव्या बटाट्यात विषारी द्रव्य तयार होते. तो खाऊ नये, जनावरालाही घालू नये. ढगाळ हवा आली की करप्याची भीती. 1845 नंतर आयर्लंडमध्ये याच रोगाने शेतेच्या शेते काळी पडली आणि लाखो माणसे उपासमारीने गेली. आम्ही एक टक्का बोर्डो मिश्रण वापरले. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळे भिजवून शंभर लिटर पाण्यात एकत्र करायचे आणि त्याच दिवशी फवारायचे.

ग्लासातले ढेकूळ

जमीन सुधारली की नाही हे घरी बघायची एक सोपी युक्ती आहे. शेतातले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात हळूच सोडायचे. कर्ब नसलेले ढेकूळ बघता बघता विरघळते, पाणी गढूळ होते. जिवंत मातीचे ढेकूळ बराच वेळ टिकते, कारण जिवाणूंच्या आणि मुळांच्या चिकट द्रव्याने तिचे कण बांधलेले असतात.

हा प्रयोग आम्ही सातवीच्या वर्गात दरवर्षी करतो. 2021 मध्ये आमच्या शेतातले ढेकूळ मुलांनी वीस आकडे मोजेपर्यंत गेले होते. 2024 च्या जानेवारीत तास संपल्याची घंटा झाली तरी ते तळाशी बसून होते, कडा तेवढ्या झडल्या होत्या. शेजारच्या ग्लासात, जिथे ताग गाडला नव्हता त्या तुकड्यातले ढेकूळ केव्हाच विरघळले होते. एका मुलाने विचारले, "सर, दोन्ही तुमचीच जमीन ना?" यापेक्षा चांगला प्रश्न आम्हाला वर्षभरात कोणी विचारला नव्हता.

हिशेब

तिसऱ्या वर्षी एकरात 68 क्विंटल माल निघाला. शेजारच्या शेतात 80 च्या वर होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण आमचा खताचा खर्च निम्म्याहून कमी झाला, पाण्याची पाळी सहा-सात दिवसांवरून नऊ-दहा दिवसांवर गेली आणि खपलीचा माल पोत्यामागे चार-पाच बटाट्यांवर आला. भाव त्या आठवड्यात पडलेला होता, त्यामुळे पट्टी हातात आली तेव्हा फार आनंद झाला असे नाही. नव्या तपासणीत सेंद्रिय कर्ब 0.46 टक्के आला. अजून कमीच. पण 0.38 वरून.

काढणीला भाईजान मुलांना घेऊन आले. नांगर पुढे गेला आणि मुले हातानेच माती बाजूला करून बटाटे वेचू लागली. कुदळ कोणी मागितली नाही. भाईजान बराच वेळ वरंब्यावर उकिडवे बसून माती हातात चुरत होते. तीन वर्षांची मुदत त्या दिवशी संपत होती आणि ते सगळ्यांना माहीत होते. संध्याकाळी उश्राचे साडेतीन क्विंटल बाजूला काढले. यावेळी मापाच्या थोडे वरच. ते वाटून झाल्यावर चहा पिताना भाईजान म्हणाले, "बेचने की बात अगले साल देखेंगे. इस बार उस दूसरे एकरमें ताग डालो." अम्मी काही बोलल्या नाहीत. कपात थोडा चहा जास्त ओतला.

विषय संपलेला नाही. कर्ज आहे, रस्ता आहे, जागा बघणारे लोक आहेत. पुढच्या ईदला पुन्हा बोलणे होईल. पण आता ते बोलणे जिवंत जमिनीबद्दल असेल.

आपल्याला सुरुवात करायची तर

जमीन असेल तर आधी माती तपासा आणि एकदम सगळी नको, एक तुकडा घ्या. खत विकत घेताना हात घालून बघा. गरम लागले तर ते घरी आणून सहा महिने झाकून ठेवा. गोणी एकदम तोडू नका, दरवर्षी कमी करा. बटाट्यानंतर लगेच बटाटा, टोमॅटो किंवा वांगी घेऊ नका. ती एकाच कुळातली आहेत आणि त्यांचे रोगही सारखे. मध्ये कडधान्य घ्या.

जमीन नसेल तर एक जुनी बादली तळाला भोके पाडून घ्या. निम्मी माती, निम्मे मुरलेले खत. ऑक्टोबरच्या शेवटी डोळे फुटलेला एक बटाटा चार बोटे खोल लावा आणि रोप वाढेल तशी वर माती घालत जा. स्वयंपाकघरातली साले, चहाचा चोथा, अंगणातला पालापाचोळा आतापासून दुसऱ्या बादलीत मातीच्या थरांखाली कुजत घाला. तीन-चार महिन्यांनी झाकण काढा आणि वास घेऊन बघा. पहिल्या पावसाचा वास आला, तर इन्शाअल्लाह पुढचे काम माती स्वतःच करील.